कर्फ्यूतलं दहावं

ही गेली आणि दोन-चार दिवसांत शहरात कर्फ्यू लागला. धान्य संपलं अशी अफवा उठली, राशनच्या दुकानांपुढे दगडफेक झाली आणि सगळं इंदूर बंद. सकाळी दुधापुरती ढील मिळायची, तेवढीच. सेव नसली तर पोह्यांची प्लेट परत करणारे लोक मुकाट दलिया गिळत होते. मला तोही जात नव्हता. सून ताट घेऊन यायची आणि मी म्हणायचो, झाकून ठेव.

दहाव्याला घाटावर जाऊ देईनात. गुरुजी मोबाइलवर म्हणाले, "छतावर करा. देव काय पास मागतो?" पिंडापुरता तांदूळ शेजारणीने डब्याचं बूड खरवडून दिला.

छतावर पिंड मांडला, शेजारी हिचा जीवखडा ठेवला. अंत्यविधीला मडकं ज्या दगडाने फोडतात तो आम्ही दहाव्यापर्यंत जपतो. गेलेल्याचा जीव त्यात असतो. मग मागे सरून हात जोडले. पिंडाला कावळा शिवला की ती सुटली. नाही शिवला तर काहीतरी इच्छा राहिली.

कावळाच येईना. एरवी माझ्या टकलावर नेम धरणारी जात, आज एक दिसेल तर शपथ!

मुलगा म्हणाला, "आई, बाबांची शुगर मी सांभाळीन."

काही नाही.

सून म्हणाली, "आई, तुमचं पितळी घंगाळ मी भंगारात देणार नाही."

मुलाने वळून पाहिलं. "देणार होतीस?"

"आता नाही म्हणतेय ना! बाबा, तुम्ही पण बोला काहीतरी."

"मी काय बोलू? जन्मभर तीच बोलली."

तेवढ्यात डोक्यावर घूं घूं झालं. पोलिसांचा ड्रोन. छतांवर कोणी दगड जमवलेत का, ते बघत फिरत होता. मी स्वतः पोलिसातून हवालदार म्हणून रिटायर झालो, पण आमच्या वेळी ड्रोन कुठले, जिने चढून गुडघे गेले आमचे.

थोड्याच वेळात थानेदार आणि एक शिपाई वर आले.

"दादाजी, ये पत्थर किसका है?"

"मेरी घरवाली का."

"जब्त होगा."

"जब्त कैसे होगा? इसमें मेरी घरवाली है."

उचलायला वाकलेला शिपाई तसाच सरळ झाला आणि गुपचूप बूट काढायला लागला. मुलाने सगळा विधी समजावला. थानेदार जरा नरमला.

"ठीक है भिया. एक पत्थर से कौन-सा दंगा होता है."

"तुम मेरी घरवाली को नहीं जानते," मी म्हणालो. "पहले अपना वो भँवरा नीचे उतारो. कौआ डर रहा है."

वायरलेसवर 'कौए का मामला है' सांगताना त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण ड्रोन उतरला. कावळे आले, टाकीवर ओळीने बसले. पिंडाकडे मात्र एकही फिरकेना. पोलिसांनीसुद्धा टोप्या काढून हात जोडले.

थानेदार हळूच म्हणाला, "कुछ अटका है, दादाजी. क्या चाहती थीं?"

मला ठाऊक होतं. खाटेवर पडल्यापडल्या तिचं एकच चालायचं, मी गेले की तुम्ही जेवणार नाही. मी म्हणायचो, जेवीन. मला संताप आला. मेल्यावरही माझं म्हणणं खोटं पाडायचं म्हणजे काय!

"ए, ऐक," मी टाकीकडे बघून ओरडलो. "जेवतो! आज, आत्ता, पुढ्यात येईल ते. झालं समाधान? मग शिव आता!"

एक कावळा खाली उतरला, पिंडात चोच मारून उडाला. सून हुंदके देत खाली पळाली आणि दलिया घेऊन आली.

थानेदार हलेना. "वचन मेरे सामने दिया है. खाते देखकर जाऊँगा."

पहिला घास घेतला. मीठ कमी होतं. सवयीने हिला सांगायला मान वळवली. मग दुसरा घास घेतला.

"पूरा खत्म करो, दादाजी," थानेदार म्हणाला.