सरांची लेव्हल

सर भिंतीवर लेव्हल ठेवायचे, आतला बुडबुडा पाहायचे, मग तीच लेव्हल उलट्या दिशेनं फिरवून पुन्हा ठेवायचे आणि पुन्हा पाहायचे. भिलाईच्या हुडको कॉलनीतल्या त्यांच्या घराची मागची भिंत बांधताना गवंडी इतका वैतागला, की दोन दिवस फिरकलाच नाही. सरांचं एकच म्हणणं, "मोजणाऱ्याले कोनं मोजलं? आधी थे सांग."

अशी किरकिरी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण हे किरकिर करताना हसायचे, म्हणून त्यांचा राग येत नसे.

लोखंडी लेव्हल त्यांच्या वडिलांची. वडील पोलादाच्या प्लांटमध्ये यंत्रांचे पाये समतल करायचे. सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवर कणांचा झोत फिरवायचे. कणांना वेग देणारं खरं यंत्र भिलाईत कुठून आणणार? गोल नळीतून झोत धावतो, चुंबक त्याला वाटेवर ठेवतात. चुंबक केसभर सरकले की झोतही सरकतो. तो परत मधोमध आणायचा, सगळं पडद्यावरच. माझी पीएच.डी. त्यावरच होती आणि प्रोग्रॅम सरांनी लिहिलेला होता.

प्रबंध द्यायला महिना उरला होता. झोत कुठून जातो ते मोजायला नळीत जागोजागी बसवलेल्या मॉनिटरवर झोताची चूक शून्य दिसू लागली. मी वैशाली नगरातून पेढे घेऊन गेले. सरांनी पेढा हातात धरला, पण खाल्ला नाही.

"हे शून्य कोन सांगून राहिलं?"

"मॉनिटर, सर."

"अन् थेच सरकले असले तं?"

"तुमच्या प्रोग्रॅममध्ये मॉनिटर बिनचूकच धरलेत, सर."

त्यांनी पेढा खाली ठेवला. जगातलं सगळं उलटून पाहणाऱ्या माणसानं नेमकं हेच उलटून पाहिलं नव्हतं.

मग आम्ही प्रोग्रॅममध्ये मॉनिटरही थोडे सरकवले आणि झोत पुन्हा शून्यावर आणला. सर एकेका चुंबकाची ताकद किंचित बदलत गेले. झोत चुंबकाच्या बरोबर मधून जात असेल, तर ताकद बदलली तरी तो हलत नाही. माझा दर वेळी हलला. मॉनिटरवर सगळीकडे शून्य आणि झोत नळीच्या कडेला. तीन वर्षं पाण्यात गेली म्हणून मी रडायला लागले.

"कावून रडून राहिली पोरी? चूक माही हाय, तुही नाही."

दुसऱ्या दिवशी विभागाच्या बैठकीत उभं राहून त्यांनी हेच सांगितलं. याच प्रोग्रॅमवरच्या ज्या जुन्या लेखामुळे चार लोक त्यांना ओळखत, तोही चुकला आहे, असं त्या चौघांना स्वतः लिहून कळवलं. मला मुदत वाढवून मिळाली. इतका मोठा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. काम नव्यानं पुरं झालं, तेव्हा ते म्हणाले, "आता आन पेढे." आणि तीन खाल्ले.

गेल्या थंडीत सर गेले. काकूंनी लेव्हल मला दिली. घरी आणून टेबलावर ठेवली, तर बुडबुडा एक रेघ डावीकडे. टेबल वाकडं असेल म्हणून लेव्हल फिरवून ठेवली. बुडबुडा एक रेघ उजवीकडे.

टेबल सरळ होतं. चुकत होती ती लेव्हल. पाठीवर सरांच्या बारीक अक्षरात कोरलेलं होतं: 'बाबांची. एक रेघ चुकते.' ती लेव्हल त्यांनी कधी बदलली नाही, फक्त दर वेळी फिरवून पाहिली.