पत्र्यावरचे दगड

कुंभारीच्या कामगार वसाहतीत वादळ दोन दिशांनी येतं. एक पश्चिमेकडून, चैत्र-वैशाखात, ऊन कलायला लागलं की. त्याची निदान हवामान खात्याकडून आगाऊ सूचना तरी मिळते. दुसरं बजाबाईच्या घरातून येतं. ते बारमाही आहे आणि त्याची सूचना कुणालाच मिळत नाही.

बजाबाई कडक भाकऱ्या करून विकते. पापडासारखी पातळ, हातात घेतली की कुर्रकन मोडणारी, महिनाभर टिकणारी ज्वारीची भाकरी. ती जितकी चिडलेली, तितकी भाकरी पातळ, असा वसाहतीचा अनुभव आहे. त्यामुळे दारात गिऱ्हाईक आलं की आधी कानोसा घेतं. आत तोंडाचा पट्टा चालू असला तर जास्तीच्या भाकऱ्या घेतं. नवरा जालिंदर टॉवेलच्या कारखान्यात जन्मभर मागांच्या खडखडाटात उभा राहिला. म्हणून आपल्याला ऐकू कमी येतं, असं तो सांगतो. ‘चहा झाला’ हे दोन शब्द मात्र त्याला तीन घरांपलीकडूनही ऐकू येतात.

यंदाच्या उन्हाळ्यात बजाबाई दगडांवर चिडली होती.

वसाहतीतलं त्यांचं घर म्हणजे स्लॅबची एक खोली. मुलगा युवराज याचं लग्न झालं, नात सृष्टी झाली आणि खोली पुरेना. मग युवराजनं पुढं पत्र्याची खोली काढली. भिंतींवर लोखंडी पाइप टाकले, पाइपांना पत्रे तारेनं बांधले, आणि पत्रे उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड ठेवले. काही नारळाएवढे, काही थेट कलिंगडाएवढे. पाइप भिंतीला हुकांनी आवळायचे राहून गेले. पण वसाहतीत बहुतेकांचे तसेच राहिले होते, त्यामुळे ते राहिल्यासारखं कुणालाच वाटत नव्हतं. उलट ‘कलिंगडं भारी आणलीस की’ असं शेजाऱ्यांनी म्हटल्यावर युवराजची छाती फुगली होती.

बजाबाईला मात्र त्या प्रत्येक दगडात केम गावचा सयाजी दिसायचा. सयाजी तिचा धाकटा भाऊ. मागल्या एका वळिवात त्याचे पत्रे उडाले आणि पत्र्यावरचा दगड खाटेवर निजलेल्या सयाजीच्या खांद्यावर आला. हात कायमचा लुळा पडला. भेटायला आलेला जो तो ‘निसर्गाचा कोप’ म्हणून मान हलवायचा. शेवटी उशाशी बसलेली बजाबाई ताडकन उठली होती.

“कोप कसला डोंबलाचा? वादळ काय संगट दगड घिऊन आलं व्हतं? दगड तुमी वर ठिवला. वाऱ्यानं तुमचा तुमाला माघारी दिला!”

भेटायला आलेले लोक चहा न घेताच उठले होते.

आता तेच दगड तिच्या स्वतःच्या घरावर येऊन बसले होते. रोज सकाळी पीठ मळता मळता तिची तोफ सुटायची.

“युवराज, ते धोंडे उतरीव.”

“आई, धोंडे काढल्यावर पत्रं उडतील की.”

“आन ठिवल्यावर काय पाया पडून बसत्यात व्हय रं? उडायचं ते उडतंयच. वर जाता जाता धोंडा टकुऱ्यात घालून जातंय. हुक आन, नटबोल्ट आवळ.”

“रविवारी बघू.”

युवराजचा हा रविवार कुठल्याही कॅलेंडरात नव्हता. सासू-नवऱ्याच्या या रोजच्या सामन्यात सून रेश्मा पंचासारखी तटस्थ राहायची. आणि जालिंदर, ज्याला ऐकू येत नाही तो जालिंदर, अचूक क्षणी म्हणायचा, “वजन आसलं की धरून ऱ्हातंय.”

“तुमचं वजन ठिवू का वर?” बजाबाई विचारायची. ते मात्र त्याला ऐकू जायचं नाही.

त्या दिवशी दुपारी युवराजच्या मोबाइलवर इशारा आला: विजांच्या कडकडाटासह जोराचा वारा, घरात थांबा, झाडाखाली उभे राहू नका. युवराजनं जबाबदार नागरिकाचं कर्तव्य बजावलं. तो इशारा घरच्या ग्रुपवर पाठवला, खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि कूस बदलून झोपला.

चारच्या आसपास वारा पडला. समोरच्या लिंबाचं पान हलेना. मग पश्चिमेला आभाळ तव्याच्या बुडासारखं झालं आणि त्याच्या पुढून मातीची तांबडी भिंत धावत आली.

“आली! समदी आत चला, स्लॅबखाली!” बजाबाई ओरडली.

रेश्मा बाहेर वाळत घातलेल्या कुरडयांकडे पळाली. “आगं कुरडया मरू देत, तू आत ये!” बजाबाईनं तिला दंडाला धरून ओढलं. तेवढ्यात पहिला झोत आला. पत्रे थडथडले आणि पाइप वीतभर उचलले जाऊन परत भिंतीवर आदळले.

आता अशा वेळी काय करायचं, याची वसाहतीत एक परंपरा आहे. घरातल्या पुरुषांनी उडी मारून पाइप धरायचा आणि आपल्या वजनानं छप्पर खाली ठेवायचं. त्यानुसार युवराज झोपेतून थेट पाइपाला जाऊन लोंबकळला. शेजारच्या पाइपाला जालिंदर. घरातले दोन्ही कर्ते पुरुष वटवाघळांसारखे लटकलेले आणि वर, त्यांच्या डोक्यांच्या बरोबर वर, ती कलिंगडं.

“सोडा! आरं मुडद्यांनो, सोडा त्ये!”

आणि मग तिला झोळी दिसली.

सृष्टी झोळीत निजली होती. झोळी मधल्या पाइपाला बांधलेली. छप्पर उचललं गेलं की झोळी वर जायची, आदळलं की खाली यायची. आत पोरीला कुणी झोका देतंय असं वाटत असावं, ती रडतसुद्धा नव्हती. बजाबाईनं एकदा वर बघितलं. पत्रे गेले तर पाइप जाणार, आणि पाइप गेला तर...

तिनं दोन्ही हातांनी झोळी धरली आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. भाकऱ्या थापून दगड झालेले तिचे हात, पण वारा तिलाही पावलांवरून उचलत होता. “रेश्मे, पोर काढ! बघत काय बसलीस, काढ!” रेश्मानं झोळीत हात घातले, पोर छातीशी ओढली आणि स्लॅबच्या खोलीत पळाली. बजाबाईनं झोळी सोडली, वळून युवराजचा पट्टा धरला आणि भोपळा तोडावा तसा त्याला पाइपावरून तोडून आत ढकललं.

राहिला जालिंदर. तो डोळे मिटून लटकला होता. वारा, पत्रे, विजा आणि बायको, सगळ्यांचा मिळून जो आवाज होत होता त्याला तो कारखान्यात सरावलेला होता. बजाबाईनं त्याच्या कानाशी तोंड नेलं.

“आवो, चहा झाला!”

जालिंदरचे हात सुटले.

दोघं उंबऱ्याच्या आत पडली आणि मागं छप्पर गेलं. एखाद्यानं पुस्तक उघडावं तसं ते एका बाजूनं उचललं गेलं, पाइपासकट. दगड मात्र गेले नाहीत. ते खाली आले, एकामागोमाग एक. सगळ्यांत मोठं कलिंगड झोळी होती तिथं पडलं आणि शहाबादी फरशी फुटून त्याच्याखाली गेली.

पाऊस ओसरला तेव्हा रस्त्यापलीकडच्या विजेच्या तारांवर त्यांचा एक पत्रा लोंबत होता आणि त्याच्या शेजारी ती झोळीची साडी फडफडत होती. युवराज काठी घेऊन निघाला.

“कुटं?”

“साडी काढतो की.”

“तारंत करंट हाय का न्हाय, हे तुज्या अंगानं बघतोस व्हय? ठेव ती काठी! फोन लाव लायनमनला.” लायनमन येईपर्यंत ती लिंबाखाली न थांबता, रस्त्याच्या मधोमध भिजत उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या देऊन तारेपासून लांब ठेवत राहिली.

मग वसाहत जमली. फुटकी फरशी बघून बायकांनी तोंडाला पदर लावले. “देवानं वाचवलं,” कुणी तरी म्हणालं. बजाबाई तोंड उघडणार होती. दगडांबद्दल तिच्याकडे आज बोलायला भरपूर होतं, आणि आज ते ऐकून घ्यायला सगळे तयारही होते. पण तेवढ्यात जालिंदर, डोकं पुसता पुसता, अगदी साध्या आवाजात म्हणाला, “बजे, झोळी पायपाला कुनी बांदली व्हती गं?”

साडी बजाबाईची होती. गाठही तिचीच. ‘माजी गाठ हत्तीला सुटायची न्हाय’ असं ती बांधताना म्हणाली होती. स्लॅबच्या खोलीत उकडतं, पोरीला वारं लागू दे, हेही तीच म्हणाली होती. उन्हाळाभर ती पत्र्याच्या वर बघून बोंबलत राहिली आणि खाली काय टांगलंय ते तिला दिसलं नाही.

वसाहत वाट बघत उभी राहिली. बजाबाई काहीच बोलली नाही. असं कधी झालं नव्हतं. लोकांना वादळापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली आणि ते हळूहळू पांगले.

ती आत जाऊन पीठ मळायला बसली. राग तर मावत नव्हता, पण तो टाकायचा कुणावर? थापलेली भाकरी जाड झाली. दुसरी त्याहून जाड. तिसरी तिनं मोडून परत गोळा केला. सृष्टी रेश्माच्या मांडीवर आजीकडे बघून खिदळत होती.

“हसतीस व्हय गं माज्यावर?” बजाबाई म्हणाली आणि एकदम तिचा हात थांबला. केमला सयाजीच्या घरी नवी सून होती, पिंकी. तिला चार महिन्यांचं पोर होतं. पिठाच्या हातानंच तिनं फोन लावला.

“पिंके, पोर कुटं हाय?”

“निजलंय की आत्या. झोळीत.”

“झोळी कशाला बांदलीय?”

“पायपाला, आत्या.”

“आन वर?”

“वर... पत्रं हाईत. नवं टाकल्यात मामांनी.”

“पत्र्यावर काय ठिवलंय?”

मागून सयाजीचा आवाज आला, “कोन हाय गं? अक्का हाय का? मी घरात न्हाय म्हनून सांग!”

बजाबाईचा चेहरा उजळला. कितीतरी वेळानं तिला रागवायला दुसरं कुणी तरी सापडलं होतं.

“पोर आदी खाली काढ, आत्ताच्या आत्ता. मी फोन धरून हाय,” ती म्हणाली. पिंकीच्या हातातल्या पोराचं रडणं कानावर येईपर्यंत तिनं फोन सोडला नाही. मग युवराजकडे वळली. “हुक किती लागत्यात रं एका खोलीला? आपल्यासाठी आन आनि केमसाठी बी आन. उद्याच.”

“उद्या? उद्या तर...”

“उद्याच रविवार हाय,” बजाबाई म्हणाली आणि तव्यावर जी भाकरी टाकली, ती पापडासारखी पातळ होती.