पिवळ्या टाचांची पावलं

मांजरी गावात सोजरबाईच्या हातचं पाणी कुणी पीत नसे. तिला रोगबिग काही नव्हता. तिनं संपतला धरून दिलं असं गाव मानायचं, आणि गावाला तेवढं पुरत होतं.

बेचाळीसच्या चळवळीत संपत भूमिगत होता. दिवसभर उसात लपायचा आणि पहाटे भाकरीसाठी सोजरबाईकडे यायचा, कारण तिचं घर फडाला लागून. वस्तीतल्या बायकांनी खूण ठरवली होती. सोजरबाईच्या दारात रांगोळीची लक्ष्मीची पावलं दिसली तर यायचं, अंगण कोरडं असलं तर उसातच थांबायचं. पोलिसांना असल्या गोष्टी कळत नसत.

एकदा पोलीस झुंजुमुंजु व्हायच्या आतच घरात शिरले. नवरा गेनबा गूळ घेऊन मंडईत गेलेला. त्यांनी सोजरबाईला माजघरात कोंबून तिचं तोंड दाबून धरलं. तिच्या जिवाला एकच आधार होता. अंगण कोरडं आहे, तो येणार नाही. तेवढ्यात बाहेर बांगड्या वाजल्या. जरा वेळानं चाहूल लागली आणि मग गोळी.

तिला बाहेर ओढलं तेव्हा संपत अंगणात पालथा पडला होता. त्याच्या डोक्याशी लक्ष्मीची पावलं उमटलेली आणि एकेका टाचेवर हळदीचं बोट टेकवलेलं. तशी पावलं मांजरीत कुणी काढत नसे. पण शिपायांच्या बुटांखाली ती तिथंच पुसली गेली. गाव जमलं तेव्हा नुसता पांढरा फराटा उरला होता.

"म्या न्हाई काढली," ती सांगत राहिली.

"मग लक्ष्मी स्वतः येऊन काढून गेली व्हय?" बायका विचारत.

गेनबानं त्या दिवसापासून तिच्या हातचं खाल्लं नाही. मरेपर्यंत स्वतःची भाकरी स्वतः थापली.

सोजरबाई दर दिवाळीला खाली मान घालून गावभर हिंडे. लोकांना वाटे, लाजेनं. ती प्रत्येक उंबऱ्यासमोर पिवळी टाच शोधत असे. एकाच दारात तिनं कधी पाहिलं नाही. ते दार तुळजाबाईचं, संपतच्या बायकोचं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत बिचारी रंडकी झाली होती, आणि विधवेच्या हाताला रांगोळी कुठली?

बहात्तर साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली. शाळेत तुळजाबाईचा सत्कार ठरला. सोजरबाई एरवी तिकडे फिरकली नसती. पण तिच्या मच्छिंद्रचं लग्न तुळजाबाईनंच जमवून दिलं होतं. फितुराच्या घरात कोण पोरगी देणार? 'आईचं पाप पोराच्या माथी नको,' असं तुळजाबाई म्हणाली, म्हणून सोयरीक झाली. येऊन मागं उभं राहणं भाग होतं.

शाळेत श्यामला नावाच्या नव्या बाई आल्या होत्या, कर्वेनगरकडच्या. त्यांनी रांगोळीची वाटी तुळजाबाईच्या हातात ठेवली. "विधवांनी काढायची नाही, हे कोणत्या शास्त्रात लिहिलंय? आज झेंड्याखाली तुम्हीच काढायची!"

तुळजाबाई आधी नको नको म्हणाली. मग बसली. मूठ टेकवून दोन पावलं काढली, बोटं उठवली. हात रंगात आला तशी ती स्वतःलाच विसरली.

"जरा हळद आणा, बाई," ती म्हणाली. आणि तिनं एकेका टाचेवर बोट टेकवलं.

सोजरबाई गर्दी सारत पुढं गेली. तिच्याशेजारी उकिडवी बसली.

"तुळजे, ती तू व्हतीस?"

तुळजाबाईनं वर पाहिलं नाही. "हळू बोल."

"पोलीस आत व्हते गं!"

"मला काय ठाव? तीन महिनं त्यो तुझ्या हातचं खात व्हता. मला त्याचं तोंड दिसलं नव्हतं. वाटलं, मी यायची म्हटलं की तूच मुद्दाम अंगण कोरडं ठिवतीस. म्हटलं, येऊ दे त्याला, मी बी दारात उभी ऱ्हाते."

"आणि नाव माझं घेतलंस?"

"मग काय माझं घेऊ?" हळदीचं बोट पदराला पुसत तुळजाबाई म्हणाली. "सांग की समद्यांना. सांग. बघू कोण ऐकतंय."

सोजरबाई उठली आणि तिनं ओरडून सांगितलं. पावलं, टाचा, बांगड्या, सगळं. कुणीतरी फिस्सकन हसलं. "आता हुतात्म्याच्या बायकोवर ढकलती! तीस वर्षं हेच जुळवत व्हतीस काय?"

श्यामलाबाई म्हणाल्या, "आजी, अहो, निदान आजचा दिवस तरी..."

मच्छिंद्र धावत आला. मांडवात त्याचे होणारे सासरे बसले होते. त्यानं आईचा दंड धरला.

"आये, तुळजाबाईंच्या पाया पड."

"मच्छिंदर, तुझ्या गळ्याची आण, मी खरं..."

"खरं असंल न्हाई तर खोटं. माझं लगीन मोडू नगंस. पाया पड."

त्यानं मानेवर हात ठेवून तिला खाली वाकवलं. पिवळ्या टाचा तिच्या अगदी डोळ्यांसमोर आल्या, वीतभर अंतरावर. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तुळजाबाईनं मोठ्या मनानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ द्या," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वय झालंय तिचं."

हात उचलला तेव्हा सोजरबाईच्या भांगात तुळजाबाईची रांगोळी उतरली होती.