आंदणातला कॉम्प्युटर

आमच्या सावरगावात मुलीला आंदण द्यायचं म्हणजे प्रत्येक भांड्यावर बापाचं नाव मशीननं कोरून घेतात. पाण्याचे गुंड, परात, डबे, अगदी झारासुद्धा. माझ्या बाबांनी आंदणात कॉम्प्युटर दिला, अन् त्याच्याही सीपीयूच्या डब्ब्यावर नाव कोरून आणलं. खाली "यांचेकडून सप्रेम भेट". भांडेवाल्यानं म्हणे विचारलं, "काका, यात शिजवतात काय?"

मी सौंसरला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, त्याचं बाबांना भारी कौतुक. "पोरगी घरी बसून स्वतःचं काम करंल," म्हणायचे. मांडवात मात्र सासरचे सगळे कूलर शोधत होते. काही जण तर आंदणातल्या कपाटामागेही डोकावून आले. कोणा बाईनं मॉनिटरला हळदीकुंकू लावलं अन् विषय संपला.

माझ्या नवऱ्याचा नाही संपला. उन्हाळा लागला की हा माणूस बनियनवर पंख्याखाली बसून म्हणणार, "तुया बापानं कूलर देला असता तं!" अन् कॉम्प्युटर जरा अडकला की, "सावरगावचा माल, अजून काय?" दोन्ही गावांची चुरस जुनीच, त्यामुळं नदी ओलांडून पांढुर्ण्यात आलेल्या बाईला हे ऐकावंच लागतं, पण मी काही गप्प बसणारी नाही. "जा मंग नदीपल्याड अन् आणा मागून," मी म्हणायची.

त्या कॉम्प्युटरवर मी अर्ध्या गल्लीचे फॉर्म भरले. पण म्हातारा झाला बिचारा. सकाळी चालू केला की कुकरच्या शिट्ट्या संपायच्या, भात वाढून व्हायचा, अन् तो आपला अजून गोल गोल फिरूनच राह्यला. दिवाळीनंतर तर साफच बसला. मी मोबाईलवर काम ओढू लागले. बाबा नदीपल्याडच राहतात, पण लेकीच्या घरी कामाशिवाय जायचं नाही हा त्यांचा नेम. फोनवर मात्र दरवेळी विचारायचे, "चालून राह्यला का वं कॉम्प्युटर?"

"हाव बाबा, मस्त चालून राह्यला." आता बापाला काय सांगू, कूलर बरा होता म्हणून?

अन् एक दिवस फोन आला. "शेताची ऑनलाइन नोंदणी करायची हाये. परवा येतो. आपला कॉम्प्युटर असताना दुकानात कायले जाऊ?"

मी फोन ठेवला. नवऱ्याला म्हटलं, "उठा." डब्बा चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला अन् मोटरसायकलवर मागं बसले. रस्त्यात ओळखीच्या बाईनं थांबवलं. "काय झालं वं लेकराले? ताप हाये का?"

"नाही, पार थंडा पडला," नवरा म्हणाला. ती बाई अशी किंचाळली की दोन दुकानदार बाहेर आले. मी ह्यांना पाठीत असा चिमटा काढला की गाडी हलली.

रिपेअरवाल्यानं डब्बा उघडला. आतून उशी भरेल एवढी धूळ अन् कापूस निघाला. तो म्हणाला, "रॅम वाढवू, हार्डडिस्क काढून एसएसडी टाकू, पॉवर सप्लाय बदलू, पंखाही गेला हाये. पण ताई, पहिले हा डब्बा फेका. गंजला, बटणही तुटलं. नवीन देतो."

मी भडकलेच. "डब्बाच फेकायचा तं बाकीचं दुरुस्त कायले करून राह्यले?" अन् मला रडूच यायला लागलं.

तेव्हा नवऱ्यानं कोरलेल्या नावावरची धूळ बाहीनं पुसली. म्हणाला, "डब्बा राहू दे भाऊ. जे बदलायचं ते आतून बदल."

बाप्पा! कूलरचं नावसुद्धा काढलं नाही. मला त्या क्षणी हा माणूस फार आवडला, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी डब्बा घरी आला. तुटक्या बटणाच्या जागी दाराच्या बेलचं बटण बसलं होतं. पंखा रिपेअरवाल्याकडे रंगीत लाईटचाच शिल्लक होता, म्हणून जाळीतून निळा उजेड पडायचा, गणपतीच्या मखरासारखा.

बाबा आले. बसायच्या आधी नावावरून हात फिरवला, मग बटण दाबलं. चष्मा डोळ्यांवर चढेपर्यंत कॉम्प्युटर सुरू! बाबांनी संशयानं वाकून पाहिलं. "जवाईबापू, काही बदललं तं नाही ना?"

नवऱ्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "काही नाही मामाजी. नुसती धूळ झटकली."

"मंग हा निळा लाईट?"

"तो पहिलेपासूनच होता. धुळीनं दिसून नव्हता राह्यला."

बाबांचं समाधान झालं. नोंदणी झाली, चहा झाला. निघताना चपला घालता घालता ते सगळ्यांना ऐकू जाईल असं मला म्हणाले, "आता सांग वं बाई, कूलर देला असता तं आजपर्यंत टिकला असता का?"

"कायचा टिकते मामाजी," नवराच बोलला, अन् त्यांची पिशवी हातात घेऊन त्यांना सावरगावला सोडायला निघाला.