पुस्तकामागचा फोटो

आमच्या उस्मानपुऱ्यातले शेजारचे मास्तर पुस्तकं लिहितात. भाषणाला कधी भीत नाहीत, पण पुस्तकाच्या मागं छापायचा फोटो म्हणलं की त्यांना घाम फुटतो. परवा गच्चीवर फोटोग्राफर आला, तर मलाबी सोबतीला बोलावलं. "हात कुठं ठिवू? गाल लई बसलेले दिसतेत का?" एवढंच चाललेलं.

मास्तरांची बायको त्यांची कॉलर सारखी करत म्हणाली, "मान वर करा. लग्नातबी असंच तोंड केलतं तुम्ही."

"डोकं खाऊ नको गं!" मास्तर खेकसले.

माझी बायको जाऊन वर्षबी झालं नाय. मला ऱ्हावलं नाय. "खाऊ द्या की मास्तर! माझं खायला कोण राहिलंय?"

मास्तर वरमले, बायकोकडं बघत राहिले. तेवढ्यात फोटो निघाला. लई झकास आला. मला तो बघवंना.