भावोजींचं सगळं एका वायरीवर

कुठल्याही यंत्राची एखादी खाच रिकामी दिसली की नेदरलँड्समधल्या आमच्या न्यूनेनच्या भावोजींना अन्न गोड लागत नाही. भावोजी म्हणजे माझ्या मामेबहिणीचे, ताईचे यजमान. दिवसभर आइंडहोव्हनला चिपच्या कंपनीत डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी जुळवायच्या आणि घरी आल्यावर दिसणाऱ्या, असा त्यांचा दिनक्रम. त्यांच्या लॅपटॉपला खाचा दोनच. म्हणून त्यांनी एक हब आणला. हब म्हणजे एक चपटी डबी. तिची एकच वायर लॅपटॉपला लावायची आणि तिच्या अंगावरच्या खाचांत बाकी सगळं खुपसायचं. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, इथपर्यंत ठीक होतं. मग टेबलावरचा पंखा आला, चहाचा कप गरम ठेवणारी चकती आली. डबी भरली तेव्हा त्यांनी तिला दुसरी डबी जोडली. मी अ‍ॅमस्टेलव्हीनहून राहायला गेले की भावोजी दारातच माझा फोन काढून घेत आणि कुठेतरी जोडून टाकत. निघताना वायरींच्या त्या जंजाळातून तो शोधून काढणं म्हणजे एक कार्यक्रमच असे. ताई कुरकुरली की म्हणत, "अगं, पाहुणा वाढला तर आपण पंगत वाढवतो, त्याला परत नाही पाठवत."

त्यांची लेक इरा हिला मात्र या पंगतीचा मनापासून कंटाळा. डेल्फ्टला शिकायला जाण्यासाठी तिची शिष्यवृत्तीची मुलाखत होती, ऑनलाइन. ती आपल्या खोलीत बसून देणार होती. पण भावोजींनी चांगला कॅमेरा, वेगळा माइक आणि चेहऱ्यावर पडणारा दिवा असा सगळा थाट आपल्या टेबलावर मांडला आणि तिला तिथे बसवलं. इतक्या गोष्टी ओढायच्या तर हबला स्वतःचा वीजपुरवठा लागतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यासाठी अडॅप्टरही लावलेला. ताईला बाजारात जायचं होतं. तिने आपल्या विजेवरच्या सायकलची बॅटरी चार्जिंगला लावायला नेमका तोच प्लग काढला. त्यानंतर सगळा भार एकट्या लॅपटॉपवर आला, आणि इरा उत्तर देत असताना कॅमेरा, माइक, दिवा एकदमच गेले. पंखा तेवढा अजून फिरत होता.

दाराआड उभ्या असलेल्या भावोजींचा चेहरा पांढराफटक पडला. इराने मात्र शांतपणे हबची वायर उपटली, लॅपटॉपचाच कॅमेरा सुरू केला, समोरच्यांची माफी मागितली आणि बोलणं पुरं केलं. शिष्यवृत्ती मिळाली. भावोजींनी सगळ्यांना पेढे वाटले, पण पुढे कितीतरी दिवस त्यांनी टेबलावर काही नवीन जोडलं नाही.

इरा डेल्फ्टला गेली. हिवाळा सुरू झाल्यावर तिने फोन केला की नवीन स्क्रीन लागत नाही. असल्या तक्रारी भावोजी एरवी फोनवर मिनिटभरात निकालात काढतात. या वेळी मात्र त्यांनी हब आणि चार वायरी पिशवीत घातल्या आणि शनिवारी सकाळची गाडी पकडली. मीही त्या दिवशी चकल्यांचा डबा घेऊन तिच्याकडे गेले होते. भावोजी टेबलाखाली शिरले. एक वायर सैल होती, ती त्यांनी आत दाबली. स्क्रीन लागला. चहाचं पाणी अजून उकळलंही नव्हतं.

ते गुडघे झटकत उठले, न उघडलेल्या पिशवीकडे बघत राहिले. म्हणाले, "झालं की. निघतो मग."

इराने खोलीभर नजर फिरवली. "बाबा, प्रिंटरसुद्धा जोडायचाय. आणि माइक. मला जमत नाहीये."

भावोजी पुन्हा खाली बसले. दुपारचं जेवण उरकून, संध्याकाळ होईपर्यंत जोडत बसले.

त्यांना स्टेशनवर सोडून परतताना मी इराला विचारलं, वायर सैल आहे हे तुला दिसलं नव्हतं का गं?

"दिसलं होतं ना, मावशी," ती सायकल हाताने ढकलत म्हणाली. "पण मग बाबा आले नसते."