दारातली बोरीची फांदी

दिवाळी झाली की आमच्या पाड्यात मी एकटी उरते. बाकीचे सगळे भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात, ते पावसाच्या तोंडावर परततात. मुलगा आणि सूनही जातात. मला चल म्हणतात. माझ्या गुडघ्यांना आता चिखल झेपत नाही, आणि बसून खायला मला आवडत नाही. मी राहते. कोंबड्यांशी बोलते.

आमची विहीर उन्हाळ्यात आटते. तेव्हा टँकर यायचा आणि विहिरीत पाणी ओतून जायचा. एका उन्हाळ्यात तो आलाच नाही. मी ओढ्यातली वाळू उकरून, वाटीवाटीने हंडा भरत राहिले.

त्याच दिवसांत शहापूरहून एक मुलगी आली. गावागावाची सरकारी माहिती आता मोबाइलवर कुणालाही बघता येते. त्या माहितीचा लोकांना काय उपयोग होतो, हे विचारत ती फिरत होती.

"आजी, तुम्हाला काय उपयोग झाला?"

"आधी दाखव तरी, काय लिवलंय."

मी चौथी शिकले आहे, वाचता येतं. तिने अक्षरं मोठी केली. आमच्या पाड्यापुढे लिहिलं होतं, वस्ती नाही.

"मंग तू कुणाशी बोलतेस गो?"

ती हसली. मग तिने पुन्हा मोबाइलमध्ये बघितलं.

असं कसं लिहिलं गेलं ते मला लगेच कळलं. आमच्याकडे दाराला कुलूप नसतं. बाहेर जाताना शेळ्या शिरू नयेत म्हणून दारात बोरीची काटेरी फांदी आडवी लावतात. भट्टीवर गेलेल्यांच्या दारात ती होतीच. घरं-माणसं मोजायला मोजणीवाले आले तेव्हा मी ओढ्यावर असणार, म्हणजे माझ्याही दारात होती. त्यांनी काटे बघितले, वस्ती नाही असं लिहिलं आणि परत गेले. म्हणून टँकर बंद.

मुलीने तिथेच बसून तक्रार लिहिली. उठताना म्हणाली, "तुमचं उत्तर काय लिहू?"

"सरकारनं लिवलेलं उघडं ठेवलंय ते बरं. झाकलेलं असतं तर मी टँकरवाल्यालाच शिव्या देत बसले असते. पण नुसतं बघून हंडा भरत नाय. ते पण लिव."

तिने लिहिलं. मी दिलेलं पाणी मात्र प्यायली नाही. वाटीवाटीने भरलेला हंडा तिने बघितला होता.

यंदा ग्रामसेवक टेकडी चढून वर पाड्यावर आला. त्याने मोबाइल पुढे धरला. चूक सुधारली होती. वस्ती आहे, माणसं एक.

"एकासाठी टँकर वर येत नाही, आजी. खालच्या गावात येतो. तिथून न्या."

यात खोटं काही नव्हतं. मी हो म्हटलं.

पावसाआधी पुन्हा मोजणी आहे म्हणे. हल्ली हंडा घेऊन खाली जाताना मी फांदी लावत नाही, दार उघडं टाकते. परवा खालच्या गावातून चरायला आलेल्या शेळीने पिठाचा डबा लवंडला. खाऊ दे. कुणी आलंच तर घरात काहीतरी हलताना दिसेल.